मला न समजलेलं जहाज

जी गोष्ट बायकोला परवापर्यंत सांगितली नाही, आई होती तोवर तिलाही सांगितली नाही, ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. वीसेक वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्याबाहेर एका जपानी म्हाताऱ्यानं मला त्याच्या बुडालेल्या जहाजाची हकीकत सांगितली. आयुष्यात त्यानं ती त्याआधी कुणाला सांगितली नव्हती, नंतरही सांगितली नाही. मी शेवटपर्यंत ऐकली, योग्य त्या जागी माना डोलावल्या, आणि मला त्यातलं जवळजवळ काही म्हणजे काही समजलं नाही. समजल्याचं मी दाखवलं. पुढं त्यांच्या मुलीनं विचारलं तेव्हा ती हकीकत मी तिला सांगितलीसुद्धा.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर मागितलं होतं वेगळंच. "जपानी टूरिस्टांचे गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं. हो म्हणणं हा माझा जुना धंदा आहे. किस्से आहेत, सांगतोही. पण लिहायला बसलं की प्रत्येक किस्सा फिरून त्या लेण्याबाहेरच्या दगडी ओट्यापाशीच येतो.

मी जपानी भाषेचा गाईड. घर छावणीत, शहरातल्या लष्करी भागात. वडील तिथल्याच एका मेसमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली होते. बी.ए. झाल्यावर मी जपानीचा सर्टिफिकेट कोर्स केला तो कॅसेट ऐकून ऐकून, कारण जपान्यांचे ग्रूप अजिंठा-वेरूळला यायचे आणि त्यांची भाषा बोलणारी माणसं शहरात बोटावर मोजण्याइतकी होती. आईला या सगळ्याचा भलताच अभिमान. तिच्या लेखी जपानी म्हणजे बुद्धाची माणसं, म्हणजे आपलीच. मी पहिला ग्रूप घेऊन निघालो त्या सकाळी तिनं डबा भरता भरता विचारलं, "दीपक, ते लोक वंदना म्हणतात का रे?"

"म्हणतात आई. त्यांच्या भाषेत."

"मग त्यांना म्हणावं, येताना आमच्या घरी चहाला या."

"अगं, बसभर लोक आहेत ते."

"बसभर या म्हणावं. कप शेजारून आणू."

गाईडचं काम म्हणजे इतिहास सांगणं, असं बाहेरच्यांना वाटतं. निम्मं काम संडास कुठं आहे ते वेळेत सांगण्याचं असतं. उरलेल्या निम्म्यात ऊन, पाणी, पायऱ्या, माकडं आणि गळ्यात माळा घालायला धावणारे दुकानदार. इतिहास मधल्या फटीत बसवावा लागतो. ही फट कशी शोधायची, ते मला कादरीसाहेबांनी शिकवलं. ते आमच्यातले सगळ्यात जुने गाईड, इंग्रजी आणि थोडं फ्रेंच बोलायचे, आणि गावात असले की खास दखनी. क्रांती चौकातल्या हॉटेलात चहा पाजून त्यांनी मला दीक्षा दिली.

"मियाँ, तीन चीजां याद रखो. टूरिस्ट से पहले थकना नइं, टूरिस्ट से पहले खाना नइं, और 'मालूम नइं' कब्बी बोलना नइं. मालूम नइं बोले तो वो सोचता, इसकू कायकू लाए?"

"और सचमुच मालूम नसलं तर?" मी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत विचारलं.

"तो मुस्कुराव. ऊपर छत की तरफ देखो. और बोलो, इस में विद्वानों का मतभेद है."

या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली. वेरूळला कैलास लेण्यात एका बाईनं विचारलं होतं, "वरून खाली एवढा डोंगर कोरला, तर तो दगड नेऊन टाकला कुठं?" प्रश्न इतका बरोबर होता की मी वर छताकडं पाहिलं, आणि विद्वानांना भांडायला लावलं. एक गृहस्थ होते, त्यांना भिक्खूंच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर झोपून बघायचं होतं. झोपले ते खरोखरच झोपले. सगळा ग्रूप बाहेर चपला हातात घेऊन, आवाज न करता उभा. कुणी उठवेना. आपल्याकडचा ग्रूप असता तर पहिल्या मिनिटाला कुणीतरी कानात ओरडलं असतं. एका आजीला नान-खलिया, आमच्याकडचा नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खाऊ घातला होता. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी "ओइशी, ओइशी", म्हणजे छान, छान, म्हणत तिनं पूर्ण वाटी संपवली आणि मग लिंबू-पाण्याचे चार ग्लास लागोपाठ प्याली.

आता धंद्यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझी चूक तिच्यातूनच आली.

लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा आम्हाला हुंकारा द्यावा लागायचा. "एक होता राजा." हूं. "त्याला होत्या दोन राण्या." हूं. हुंकारा थांबला की आई थांबायची. पोरगं झोपलं, असं समजायची. जपानी बोलणं अगदी असंच चालतं, फक्त मोठ्या माणसांमध्येही. समोरचा बोलत असताना तुम्ही नुसतं गप्प राहून ऐकलंत तर त्याला वाटतं, याचं लक्ष नाही. दर वाक्यागणिक 'हाय' म्हणायचं, मान झुकवायची, मध्येच 'सो देसु का', म्हणजे 'असं होय' म्हणायचं. 'हाय' म्हणजे हो. पण 'पटलं' असा त्याचा अर्थ नव्हे, 'समजलं' असाही दरवेळी नव्हे. पुष्कळदा नुसतं 'ऐकतोय'. माझं व्याकरण यथातथाच होतं, पण हुंकारा उत्तम होता. जपानी माणसं खूश व्हायची. "तुम्ही अगदी जपान्यासारखं ऐकता," म्हणायची. मला वाटायचं, ही माझी जमेची बाजू.

तो जपानी म्हातारा म्हणजे ओकाबे-सान ('सान' म्हणजे आपलं 'साहेब'); आले तेव्हा ऐंशीच्या आसपास असतील. सोबत मुलगी, फुमिए-सान, पन्नाशीची, शाळेत शिकवायची. बाकी ग्रूप त्यांच्या गावाकडच्या विहाराचा. म्हातारा कुणाशीच बोलत नव्हता. बसमध्ये खिडकीला टेकून बाहेरची कपाशी बघायचा. मुलगी मला हळूच म्हणाली, "वडील असेच आहेत. तुमचा काही दोष नाही." ओकाबे-सानांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत, चमकणारी होती. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेही आमच्या कामात येतं.

अजिंठ्याला वर चढायला त्यांच्यासाठी डोली केली. डोलीवाल्यांचा म्होरक्या कडुबामामा, लेण्यांच्या पायथ्याच्याच गावचा, मला पहिल्या दिवसापासून ओळखणारा.

"दीपकराव, बाबा हलका हाय. निस्ता वारा हाय डोलीत," तो म्हणाला.

"नीट न्या मामा. पाहुणा आहे."

"मग काय पाडतो का? मागच्या महिन्यात एक साहेब उचलला, त्याच्या वजनात असले तीन बाबे बसतील."

एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीपुढं ग्रूप थांबला तो थांबलाच. म्हाताऱ्याला गर्दीत गुदमरायला लागलं, म्हणून मी त्यांना एकट्यालाच दोन नंबरमध्ये घेऊन गेलो. त्या लेण्यात भिंतीवर एक जहाज आहे. पुष्कळ लोकांना दिसतसुद्धा नाही, रंग इतका उडालाय. टॉर्च तिरपी धरली की दिसतं: उंच शिडं, पुढच्या टोकाला रंगवलेला डोळा, आणि मागं ओळीनं मांडलेले पाण्याचे रांजण. चंदनाच्या व्यापाऱ्यांचं जहाज. वादळात सापडतं, एक जण हात जोडतो, आणि मदत येते. मी माझं ठरलेलं भाषण केलं. ते मला पाठ होतं, म्हणून त्यात चूक होत नसे.

ओकाबे-सानांनी एकच विचारलं, आणि ते मला स्पष्ट समजलं. "सगळे वाचले?"

"सगळे," मी म्हटलं.

ते बाहेर आले, व्हरांड्याजवळच्या दगडी ओट्यावर बसले, मला शेजारी बसवलं, आणि बोलायला लागले.

त्यांचं जपानी मला समजत नव्हतं. हे कसं ते सांगतो. ते दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरचे, कोळी घरातले. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या एखाद्या परदेशी माणसाला पैठणच्या बाजूच्या म्हाताऱ्यानं तोंडात तंबाखू धरून "कामून रं बाप्पा" करत लढाईची हकीकत सांगावी, त्यातही अर्धे शब्द इंजिनखान्याचे असावेत, तसं काहीतरी. पहिल्या दोन वाक्यांतच माझा धागा सुटला. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, "माफ करा, समजलं नाही, सावकाश सांगा." हे वाक्य जपानीत मला कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं. पण तो गप्प माणूस बोलायला लागला होता. थांबवलं तर पुन्हा मिटेल अशी भीती वाटली. ही सबब खरी आहे. तिच्याखालची दुसरीही खरी आहे: जपानीचा गाईड म्हणून आलेल्या माणसाला जपानी येत नाही, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, "हाय."

ते बोलत गेले. मी हाय, हाय, सो देसु का करत गेलो. माझा हुंकारा त्या दिवशी फारच छान लागला होता. हातातल्या काठीनं त्यांनी पायाजवळच्या मातीत एक लांब आयत काढला, नुसता सपाट, पाटासारखा. त्याच्या एका अंगाला खाली वळलेला एक आकडा काढला, मला तो चहाच्या किटलीच्या तोटीसारखा वाटला. मग आयताला बाजूनं चार ठिकाणी टोचलं. चार बोटं दाखवली. दोन्ही कानांवर हात दाबून धरले. डावा हात समोर धरून त्यावर फुंकर घातली. मध्येच कुठंतरी ते हसले. मोठ्यानं, दात दिसेपर्यंत हसले. म्हणून मीही हसलो.

शेवटी त्यांनी माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. प्रश्नच होता तो. वाक्याचा शेवट वर गेला होता, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते. हुंकाऱ्यासाठी माणूस असा थांबत नाही. उत्तरासाठी थांबतो.

मी म्हटलं, "हाय."

त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास सोडला, आणि पायानं मातीतलं चित्र पुसून टाकलं. मग उठले. डोलीत बसले नाहीत, पुढची लेणी काठी टेकत स्वतःच्या पायांनी चालले.

कडुबामामा रिकामी डोली घेऊन माझ्या बरोबरीनं चालत होता. "लई बोलला बाबा. काय म्हणत व्हता?"

"लढाईतलं. जहाजावर होता तो."

"सगळं समजलं तुम्हाला?"

"मग! शिकलोय कशासाठी?"

"व्हय, तेबी खरंच," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या पाठीकडं बघून पुढं म्हणाला, "हलका झाला बघा. आधीच हलका व्हता, आता तर काय."

त्यानंतर वर्षभरानं असेल, फुमिए-सानांचा मेल आला. वडील वारले. ते लढाईत एका जहाजावर होते, जहाजाचं नाव शिन्यो, एवढंच घरात ठाऊक होतं. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत, आईशीसुद्धा नाही. पुढं तिनं लिहिलं होतं: पण अजिंठ्याला एक नंबरमधून बाहेर येताना मी लांबून पाहिलं, ते तुमच्याशी बोलत होते. इतका वेळ त्यांना कुणाशी बोलताना मी जन्मात पाहिलं नाही. जवळ आले असते तर ते थांबले असते, म्हणून मी खांबाआडच उभी राहिले. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, ते कृपा करून मला सांगाल का?

तिनं केवढी मोठी गोष्ट केली होती, बघा. बापाचं बोलणं तुटू नये म्हणून ती लांब उभी राहिली. ती जवळ आली असती तर तिला शब्द न् शब्द समजला असता.

मी उस्मानपुऱ्यातल्या सायबर कॅफेत बसून ते वाचलं. बाहेर पडून एक चहा घेतला, परत आत गेलो, आणि उत्तर लिहिलं. लेणं डोळ्यांपुढं आणलं आणि त्या जहाजाची गोष्ट त्यांच्या तोंडी घातली. लिहिलं की, ते म्हणाले, चित्रातलं जहाज तरून गेलं तसे माझे सोबतीही कुठंतरी पोचले असतील. त्यांना त्रास झाला नाही. पाणी शांत होतं.

'पाणी शांत होतं' हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. हेही आज लिहून टाकतो.

तिचं उत्तर आलं. त्या जहाजावरून वाचलेले फार थोडे, आणि तिच्या माहितीत बोललेला कुणीच नाही. म्हणून माझं पत्र तिनं वडिलांच्या विधीत वाचून दाखवलं. मग बुडालेल्यांच्या घरांची जिथं वर्षातून एकदा प्रार्थना होते, त्या विहारात वाचलं. म्हाताऱ्या बायका आल्या होत्या, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. 'पाणी शांत होतं' हे ऐकून त्या रडल्या आणि तिचे हात धरून आभार मानत राहिल्या. आता दर वर्षी ते वाचलं जातं.

म्हणजे एका जहाजाच्या इतिहासात माझं वाक्य शिरलं होतं.

तेव्हापासून मी शिन्यो शोधायला लागलो. आधी अपराधीपणानं, मग, खोटं कशाला बोलू, नुसत्या कुतूहलानंही. आमच्या शहराला समुद्र म्हणजे नाथसागराचं धरण. मला जहाजाची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हेही धड ठाऊक नव्हतं. पण इंग्रजीत सापडेल ते, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन जपानीत सापडेल ते, वाचत गेलो. संगीता, माझी बायको, म्हणायची, "एवढं काय त्या बोटीत? कुणी पुरलंय का सोनं?"

पहिली नवलाची गोष्ट ही, की ते जहाज मुळात जपानी नव्हतंच. जर्मनीत बांधलेलं, पूर्वेकडं प्रवासी नेणारं मोठं, ऐटदार जहाज. युरोपात लढाई पेटली तेव्हा ते जपानच्या बंदरात होतं, आणि परतीचा रस्ता बंद झाला. पाहुणा म्हणून आलेलं जहाज तिथंच अडकलं. पुढं जपानच्या आरमारानं ते विकत घेतलं. त्यांच्या मोठ्या विमानवाहू नौका बुडाल्या होत्या, नव्या बांधायला वेळ नव्हता. मग वरचे मजले उतरवले आणि त्या जागी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट पाट बसवला, विमानांना उडायला. नाव ठेवलं शिन्यो, म्हणजे दैवी ससाणा.

त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. साध्या विमानवाहू नौकेवर एका कडेला मनोऱ्यासारखी इमारत असते. याच्यावर काहीच नव्हतं. नुसता पाट. आणि धुराडं वर नव्हतं. विमानांना अडू नये म्हणून ते कडेनं बाहेर काढून खाली वळवलेलं होतं. ती मातीतली किटलीची तोटी. म्हाताऱ्यानं मला त्याचं जहाज अगदी हुबेहूब काढून दाखवलं होतं आणि मी चहाचा विचार केला होता.

त्याचे मूळचे जर्मन बॉयलर जपानी आरमाराला दाद देईनात, शेवटी काढून दुसरे बसवावे लागले, असं वाचलं. ओकाबे-सान बॉयलरवरच असतील, असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय. एक लहान शब्द, 'वाटतं', पण तो लिहायला मला वीस वर्षं लागली.

त्या जहाजाचं काम लढाईचं नव्हतं, राखणीचं होतं. दक्षिणेकडून तेल आणणाऱ्या जहाजांचे तांडे जायचे-यायचे, त्यांना पाणबुड्यांनी बुडवू नये म्हणून याच्यावरची विमानं दिवसभर वर घिरट्या घालायची. राखणदारच, पण अंधार पडला की डोळे गेलेला. लढाई संपायच्या आदल्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, सैनिक भरलेल्या एका तांड्याबरोबर ते निघालं. वाटेत तांड्यातलं एक मोठं जहाज गेलं, मग दुसरं. मग अंधारात पीत समुद्रात अमेरिकन पाणबुडीनं याला गाठलं. चार पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागले. चार बोटं. विमानांच्या पेट्रोलच्या टाक्या फुटल्या आणि जहाज आगीत गेलं. कानांवर दाबलेले हात. फुंकर घातलेला हात. हजारावर माणसं गेली. वाचले ते साठ-सत्तर, त्यातला एक माझ्या शेजारी ओट्यावर बसला होता.

आणि मी लिहिलं होतं, पाणी शांत होतं.

एवढं सगळं जुळलं. पण ते हसले कशाला, ते कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. आगीच्या हकीकतीत हसण्यासारखं काय असेल? कुणा सोबत्याची गंमत असेल, जो पाच मिनिटांनी मेला असेल. किंवा हसणं नसेलच ते. मीही त्यात सामील झालो होतो, एवढं पक्कं. आणि त्यांचा प्रश्न. तो मी अंथरुणात, बसमध्ये, लोकांच्या लग्नांत बसून हजारदा लावून पाहिलाय. 'मी त्यांना सोडून पोहत गेलो, ते चूक होतं का?' असं विचारलं असेल, तर मी त्यांना हो म्हटलं. 'त्यांनी मला माफ केलं असेल का?' असं असेल, तरीही हो म्हटलं. 'तुला समजतंय ना?' एवढंच असेल, तर ते सगळ्यात वाईट. तेव्हाही मी हो म्हटलं.

कडुबामामाचं 'हलका झाला' हे वाक्य मी पुष्कळ वर्षं अंगावर पांघरून घेतलं. माणूस बरा होऊन गेला ना, मग शब्द समजले काय, न समजले काय. पण ज्याला ओझं दिलं त्यानं ते घेतलंच नव्हतं. ते ओट्यावरच पडलं होतं.

मोठी साथ आली आणि जपानी ग्रूप बंद झाले ते पूर्वीसारखे परत आलेच नाहीत. मी आता बिडकीनकडच्या एका कारखान्यात दुभाष्याचं काम करतो. तिथं यंत्र बसवायला आलेले एक जपानी इंजिनिअर, कपाळावर कायम आठ्या. पहिल्याच दिवशी दाबयंत्राची सुरक्षा समजावत होते, समोर आपली पोरं उभी, त्यांचे हात त्या यंत्राखाली जाणार. एका वाक्याला मी अडलो. जिभेवर 'हाय' आलं होतं. पण पोरांच्या बोटांकडं लक्ष गेलं आणि मी म्हटलं, "माफ करा. समजलं नाही. पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा अडलो. तिसऱ्यांदा अडलो. आमचा सुपरवायझर कानात कुजबुजला, "सर, इज्जत चाललीय आपली." इंजिनिअरनं सगळं थांबवलं, यंत्राचं झाकण उघडलं, हातानं दाखवलं. शेवटी मला वाकून म्हणाले, "विचारलंत, आभारी आहे. इतर ठिकाणी कुणी विचारत नाही." इतकं सोपं होतं ते. कादरीसाहेब आता नाहीत. असते तर सांगितलं असतं, साहब, मालूम नइं बोला, और वो बंदा झुक गया.

उन्हाळ्यात फुमिए-सानांचा मेल आला. त्या आता सत्तरीच्या पुढं आहेत. या डिसेंबरात येतायत, सोबत शिन्योबरोबर बुडालेल्या दोघांच्या घरची माणसं. त्यांना दोन नंबरचं लेणं बघायचंय, तो ओटा बघायचाय, आणि जिथं वडील बोलले तिथंच बसून ते शब्द माझ्या तोंडून ऐकायचेत. शेवटी लिहिलंय, "तुम्ही त्या दिवशी ऐकलंत, म्हणून आमच्या घरात ते अजून आहेत."

संगीतानं विचारलं, "कुणाचा मेल? चेहरा का असा पडलाय?" तेव्हा मी विषय बदलला; तिला परवा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, हुंकारा मात्र दिला नाही. मग म्हणाली, "त्या बायकांतल्या ज्या उरल्या असतील त्या पार थकल्या असतील आता. त्यांचं शांत पाणी काढून घेणार तुम्ही?"

"ते पाणी माझं होतं ना."

"मग त्या बदल्यात देणार काय?"

या वेळी मी वर छताकडं बघितलं नाही. उत्तर आता लिहिता लिहिता थोडं सुचलंय. शब्द माझ्याकडं नाहीत, पण बघितलेलं आहे. आयत, तोटी, चार बोटं, कानांवरचे हात, फुंकर, ते हसू, धरलेला हात. ते माझ्या डोळ्यांपुढून एक दिवसही हललेलं नाही. तिचे वडील आहेत ते. तिला त्यांचं हसू वाचता येत असेल. माझ्याहून तरी जास्त येईल.

म्हणून काय देणं लागतो ते लिहून ठेवतो, म्हणजे डिसेंबरात तोंड फिरवता येणार नाही. त्यांना मी त्या ओट्यावर बसवीन, काठीनं मातीत ते जहाज काढीन, आणि जपानीत, सावकाश, एवढं सांगायचं राहिलंय ते सांगीन: तुमच्या वडिलांनी मला सगळं सांगितलं. मला ते समजलं नाही. जे मी तुम्हाला लिहिलं ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. त्यांनी शेवटी मला एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न काय होता हे माहीत नसताना मी हो म्हणालो.